निलंबूरचा साग आणि त्याचे शेजारी

सागाची थोरवी आपल्याकडे कोणाला सांगायला नको. चौकट असो की तुळई, "सागवानी आहे" म्हटले की पुढचे बोलणेच खुंटते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने जहाजे बांधली, ती मलबारच्या सागाची. १८१७ साली तेथे पाण्यात उतरवलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. पण या थोरवीपायीच मलबारची राने उघडी पडू लागली.

तेव्हा मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी ठरवले, की साग नुसता तोडायचा नाही, लावायचाही. १८४० नंतरच्या काही वर्षांत निलंबूरला काम सुरू झाले. पण बी काही केल्या रुजेना! सागाच्या फळाचे कवच फार टणक. बऱ्याच खटपटीनंतर रोपे उठली, आणि पुढे चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने ती लागवड वर्षानुवर्षे नेटाने वाढवली. १८४६ सालचा तिचा एक तुकडा अजून राखलेला आहे.

आता रानातला साग पाहा. तो एकटा नसतो. शेजारी ऐन असतो, शिसव असते, बांबूची बेटे असतात. निलंबूरला मात्र ओळीने सागच साग. त्याचे फायदे खरेच होते. एका वयाची सरळसोट झाडे, तोडणी सोयीची, हिशेब सोपा. हा कित्ता पुढे देशभर गिरवला गेला.

पण जे माणसाला सोयीचे, ते किडीलाही सोयीचे! पावसाच्या तोंडाशी सागाला कोवळी पाने फुटली, की पाने खाणाऱ्या अळीची धाड पडते आणि बघता बघता झाडे खराटा होतात. झाड सहसा मरत नाही, पण वाढ खुंटते. केरळच्या वनसंशोधकांनी निलंबूरलाच मोजणी करून १९८५ साली दाखवून दिले, की या अळीपायी लाकडाची शक्य असलेली वाढ सुमारे ४४ टक्के बुडते. शिवाय सागाच्या रुंद पानांवरून मोठमोठे थेंब पडतात. खाली झुडपे, गवत, पालापाचोळा नसेल तर माती वाहून जाते.

मिश्र लागवड केली म्हणजे कीड गेली, असे मात्र कोणी समजू नये. रानातल्या सागावरही अळी येते. शिवाय मिश्रणाला डोळस निगा लागते, कारण सागाला ऊन हवे. झपाट्याने वाढणारे झाड वर गेले, तर साग सावलीत खुरटतो.

खरा प्रश्न लाकडापलीकडचा आहे. १९७८ साली सिंहभूममध्ये, म्हणजे आजच्या झारखंडात, सालाचे रान काढून साग लावण्याला आदिवासींनी कडाडून विरोध केला. सालाचे बी, पाने, फुले यांवर त्यांचा संसार आणि सणवार चालत. सागाचा पाला तर गुरेही खात नाहीत. सरकारी वहीत सागाची किंमत चढली, त्यांच्या चुलीपाशी मात्र काहीच आले नाही.

साग लावू नये, असे कोण म्हणेल? जरूर लावावा. पण बांधावर किंवा गावच्या पडीक जमिनीवर खड्डे घेण्याआधी आपण एवढे विचारावे: चाळीस-पन्नास वर्षांनी लाकूड मिळेल, तोवर चारा कोण देईल, फळे कोण देईल, माती कोण धरील? त्याचे उत्तर सागापाशी नाही, त्याच्या शेजाऱ्यांपाशी आहे.