दंगा न करणारा आजार

१९०१ साली ठाण्यात, नौपाड्याला, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने मनोरुग्णांचे इस्पितळ उभे राहिले. त्याआधी चाळीस वर्षे रेल्वे कसाऱ्याला पोचली होती. म्हणजे कागदावर तरी शहापूरच्या माणसाने वासिंदला गाडीत बसावे आणि ठाण्याच्या डॉक्टरपुढे उभे राहावे, यात अशक्य काही नव्हते. मुरबाडकरांना तेवढीही सोय नव्हती. त्यांच्या तालुक्यात आजही रेल्वे नाही. पण खरी अडचण होती ती इस्पितळाच्या दाराशी.

१८५८ चा आणि नंतर १९१२ चा कायदा मुख्यतः धोकादायक किंवा बेवारस फिरणाऱ्या ‘वेड्यां’च्या बंदोबस्तासाठी केलेला होता. पोलिसाने धरायचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा, मग दार उघडायचे. कपडे फाडणारा, दगड मारणारा, गवताच्या गंजीला काडी लावणारा तिथे जाई. भाकरी नको म्हणणारा, पहाटे तीनला जागा होऊन आढ्याकडे बघत पडणारा घरीच राही. त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? नैराश्याचा या दोन तालुक्यांतला इतिहास दप्तरात सापडत नाही, तो यामुळे. ‘ठाण्याला पाठवा’ ही मात्र पंचक्रोशीत शिवी होऊन बसली आणि तिच्या धाकाने घराघरांतून आजार लपवला गेला.

मग घरी येई तो भगत. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर तांदळाचे दाणे टाकून ‘बाहेरचं’ आहे की देवाचं, हे तो सांगे. शहरी माणसाला त्याची टिंगल सुचते. पण भावकीसमोर रात्रभर बसून ‘हिला काय होतंय’ असे विचारणारा गावात दुसरा होता कोण? त्याची किंमत कोंबडी-दारूपुरती राहिली तर ठीक. पुष्कळदा ती महिन्यांच्या विलंबात मोजावी लागली, कधी माराच्या वळांतही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरायला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यावा लागला.

दवाखान्यात तरी हा आजार ओळखला जाई का? तिथे तो वेष बदलून येई. शहापूर तालुका मुंबईला पाणी देतो: तानसा १८९२ पासून, पुढे भातसा. त्याच तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात हंड्यांमागे वणवण करतात. अशी बाई डॉक्टरला ‘मन उदास आहे’ असे सांगत नाही. अंग मोडून आलंय, डोकं जड आहे, जेवण जात नाही, झोप नाही, एवढेच सांगते. तिला ताकदीची सलाईन लागते, पैसे जातात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. तक्रार खोटी नसते. नैराश्य शरीराच्या वाटेने बोलते, हे गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढणाऱ्या डॉ. विक्रम पटेल यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे.

औषधांच्या इतिहासात एक गमतीचा धागा मुंबईतूनच जातो. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि आपली जुनी मुळी जगभर गेली. पुढे तिच्यातले रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागल्याचे डॉक्टरांना दिसले. मेंदूतली रसायने आणि उदासी यांचा संबंध असावा, या विचाराला त्यातून जोर आला. तो संबंध तेव्हा वाटला तितका सरळ नाही, हे नंतर कळले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण जाहीर केला आणि नैराश्यावर गोळी आली. मुरबाडला, माळशेजच्या पायथ्याशी, ती पोचायला मात्र दोन पिढ्या गेल्या.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याची जिल्हा पातळीवरची शाखा १९९६ ची. ठाणे शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मानसोपचार म्हणजे कोठडी नव्हे, हे मध्यमवर्गाच्या गळी उतरवले. मुरबाडच्या पाड्यावरून ते ठाणेही लांबच. एक खेप म्हणजे मजुरी बुडाली, एसटी आणि लोकलचे भाडे गेले, सोबतच्या माणसाचाही दिवस गेला. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. दुसरी खेप झालीच नाही, तर नवल कसले? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना आढळले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण वेगळे असू, असे मानायला आधार नाही.

तोडगा शेजारीच शोधला जात होता. कसारा घाटापलीकडे, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने ४१ गावांतली माणसे तयार केली. ती शेजाऱ्याचे ऐकून घेत, मोबाइलवर छोट्या फिती दाखवत, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवत. गोव्यात ‘संगाथ’ने प्रशिक्षित सामान्य माणसांकडून सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन करवले. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

मुरबाड तालुक्यातले धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. वडापाववाल्याकडे कार्डाचे यंत्र आले, मग डॉक्टर पडद्यावर का येऊ नये? कायद्याची वाट २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी मोकळी झाली: केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार व्हिडिओवर रुग्ण दिसत असेल तर पहिल्या भेटीतही ठरावीक औषधे लिहिता येतात. शेड्यूल ‘एक्स’मधली मात्र नाही. ‘ई-संजीवनी’वरून आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरशी बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलिमानस’ ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी फोनसेवा सुरू झाली.

पडद्यावरचा मानसोपचारतज्ज्ञ विचारतो ते समोरचा विचारतो तेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न आहे का, आवडत्या कामातली गोडी गेली का, झोप-भूक कशी आहे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते का, मरणाचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने कुणाला तसे सुचत नाही. उलट सांगणाऱ्याचे ओझे उतरते. पोलीस केसच्या भीतीने घरचे अजूनही गप्प बसतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालचा माणूस मानले आहे आणि त्याची काळजी घेणे सरकारवर सोपवले आहे.

फोनला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. डोंगराच्या कुशीत रेंज जाते. घरातला एकमेव स्मार्टफोन बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो आणि कुडाच्या घरात सासूला ऐकू न जाता बोलायचे कुठे? अन्नपाणी सोडलेल्या किंवा जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असलेल्या माणसाला पडदा पुरत नाही. त्याला एकटे न सोडता शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते. एका बाबतीत मात्र फोन इस्पितळाच्या पुढे आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि गावात सुरू झालेला उपचार तिथेच तुटतो. फोनवरचा डॉक्टर भट्टीवरही तोच राहू शकतो.

घरात असे कुणी असेल तर ‘मन घट्ट कर’ हे सांगणे आधी थांबवावे. आशाताईंना विचारावे, आरोग्य केंद्रात ‘ई-संजीवनी’ची वेळ विचारून घ्यावी, सुरू झालेली गोळी मनाने बंद करू नये. टेलिमानसचा क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, चोवीस तास, आणि पलीकडून मराठीत बोलतात.