शूर्पारकाचे पाणी आणि कालवांची चव

फराळाच्या ताटाशेजारी कालवांची गोष्ट मांडणे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण मी नालासोपाऱ्याच्या मुलांना इतिहास शिकवतो, आणि ह्या गावाचा इतिहास पाण्यावाचून सांगताच येत नाही.

नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी येथील बुरूड राजाच्या कोटातला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात ‘सुप्पारा’ बंदराचा उल्लेख आहे. त्याच शतकात तिकडे रोमचा पंडित प्लिनी कालवांच्या चवींची नोंद करीत होता. कुठले कालव गोड, कुठले मऊ, कुठले कोरडे, ह्याची त्याने यादीच दिली आहे. ब्रिंडिसीची कालवे आणून ल्युक्रिनस सरोवरात पोसत, हेही तो सांगतो. प्राणी तोच, पण पाणी बदलले की चव बदलते, हे त्या खवय्यांनी ओळखले होते.

आपल्या किनाऱ्यावरही हा धडा आहे. लाटांचा मारा खाणाऱ्या खडकांवर लहान, करवती कडांची कालवे घट्ट चिकटलेली असतात. मुंबईच्या ह्या खडपी कालवांवर आवटी आणि राय ह्यांनी १९३१ साली ग्रंथ लिहिला. वैतरणेपलीकडे केळव्याच्या, सातपाटीच्या खाड्यांत दुसरी जात वाढते. ती अंगाने मोठी.

कालव जन्मभर एका जागी बसते आणि येणारे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खाते. मोठे कालव अनुकूल पाण्यात दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. पाणी जितके खारे, तितकी आतली द्रव्येही दाट करून त्याला तोल सांभाळावा लागतो. ह्या द्रव्यांतच त्याची रुची असते. निमखाऱ्या खाडीतले कालव म्हणून चवीला सौम्य. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला की ते शिंपले मिटून घेते. अंडी घालून झाल्यावर अंगाने झडते, पाणचट लागते. दिवाळीनंतर खाडी पुन्हा खारावते, कालव पिठूळ साखर साठवते, आणि हिवाळ्यात मांस भरते. ‘ऋतू पाहून खावे’ ह्या म्हाताऱ्यांच्या सांगण्यात एवढे शास्त्र दडलेले आहे.

आता सोपाऱ्याकडे वळू. वसईचे बेट मुख्य भूमीपासून वेगळे करणारी खाडी गाळाने भरत गेली, आणि जिथे गलबते लागत तिथे आज इमारती उभ्या आहेत. २००९ साली येथे वसई-विरार महानगरपालिका झाली. एवढ्या वस्तीचे सांडपाणी प्रक्रियेवाचून खाडीत गेले, तर कालव ते नाकारू शकत नाही. शेवाळ गाळावे तसेच ते रोगजंतू आणि जड धातूही अंगात साठवील. मीठ कमी-अधिक झाले तर चव पालटते. ही घाण शिरली, तर ते कालव ताटात वाढण्याजोगेच राहत नाही.

बंदर गाळाने बुजले, त्याला आता इलाज नाही. स्तूपाला कुंपण घालता येते, लेखाचा दगड संग्रहालयात ठेवता येतो. खाडीचे पाणी मात्र जागच्या जागीच राखावे लागते. वर्गात मी मुलांना म्हणतो, अशोकाचा लेख वाचा, आणि ओहोटीला खाडीही एकदा पाहून या. शूर्पारकाला मोठेपण दिले ते ह्याच पाण्याने, आणि ते राखायचे काम आता तुमच्याकडे आले आहे.