दिसायला छान म्हणजे तब्येतीने ठणठणीत का?

मराठीत ‘तब्येत’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक अर्थ आरोग्य, दुसरा अंगकाठी. त्यामुळे कोणाचे वजन वाढले की आपण म्हणतो, “तब्येत सुधारली!” आणि कोणी बारीक झाले की विचारतो, “तब्येत का उतरली?” हे दोन अर्थ एकच आहेत असे धरून चालल्यामुळे बरेच आजार उशिरा कळतात. मोरिवलीत आणि अंबरनाथमध्ये रुग्ण तपासताना एक वाक्य वारंवार ऐकू येते: “डॉक्टर, मला कुठे पोट आहे? मला शुगर कशी होईल?”

थोडक्यात उत्तर असे: दिसणे आणि तंदुरुस्त असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चेहऱ्याची ठेवण, उंची, रंग, केस यांचा हृदयाच्या ताकदीशी संबंध नाही. सडपातळ बांधा किंवा पिळदार दंड ही तंदुरुस्तीची खूण असू शकते, पण तो पुरावा नाही. पुरावा मोजून मिळतो.

पुण्याच्या डॉक्टरांचे प्रसिद्ध उदाहरण

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे सामान्य. जाड म्हणावे असे दोघांपैकी कोणीही नव्हते. पण शरीरातील चरबी मोजल्यावर युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. युडकिन मॅरेथॉन धावत असत. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत आत शिरणे, असे याज्ञिक यांच्याबाबत त्याच लेखात गमतीने नमूद आहे.

याची मुळे जन्माआधीपर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ‘वरून बारीक, आतून चरबीयुक्त’ ही भारतीय शरीराची घडण अशी पाळण्यापासूनच दिसते.

आतली चरबी काय करते?

दंड-मांड्यांच्या त्वचेखाली साठणारी चरबी तुलनेने कमी त्रासदायक असते. पोटाच्या पोकळीत, यकृतात आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी इन्सुलिनचे काम बिघडवते. शिवाय जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू वापरतात. स्नायूच कमी असतील तर ती रक्तात जास्त वेळ राहते. म्हणून आपल्याकडे मधुमेह तुलनेने कमी वजनात आणि कमी वयात होतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. बीएमआयनुसार लठ्ठ असलेले २८.६ टक्के होते, पण पोटाचा घेर जास्त असलेले ३९.५ टक्के. म्हणजे वजनाच्या हिशोबाने ‘लठ्ठ’ नसलेल्या अनेकांच्या पोटाभोवती चरबी आहे, आणि सैल शर्टाखाली किंवा ड्रेसमध्ये ती दिसत नाही.

मग थोडी जाड व्यक्ती तंदुरुस्त असू शकते का?

हो, दिसते त्यापेक्षा बरीच तंदुरुस्त असू शकते. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. ड्रायव्हर मुळातच जाड असतील, अशी शंका आली. तेव्हा त्यांच्या गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापे तपासली गेली. बारीक, मध्यम आणि जाड, तिन्ही गटांत कंडक्टरच सरस ठरले.

याचा अर्थ वजन वाढले तरी चालेल असा नाही. जास्त वजनाने गुडघे, रक्तदाब, साखर, झोप या सगळ्यांवर ताण येतोच. पण बसून काम करणाऱ्या बारीक माणसाने निर्धास्त राहू नये आणि जाड माणसाने “माझे वजन काही उतरत नाही” म्हणून चालणे सोडू नये. वजन न उतरताही नियमित चालण्याने रक्तदाब, साखर आणि दम यांत फरक पडतो.

कौतुकामागे दडलेला आजार

घरच्यांनी हा भाग जरूर वाचावा. कधीकधी लोक ज्याचे कौतुक करतात तेच आजाराचे लक्षण असते.

• “किती छान बारीक झालास!” आहार-व्यायामात काही बदल न करता वजन उतरत असेल, तर मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा अतिस्राव किंवा इतर गंभीर आजार असू शकतो. ६ ते १२ महिन्यांत वजन आपोआप ५ टक्क्यांनी घटले (म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो), तर तपासणी करा.

• “रंग उजळला हो तुझा!” हा गोरेपणा नसून रक्त कमी झाल्याचा फिकटपणा असू शकतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना ॲनिमिया असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. खालची पापणी ओढून आतली बाजू पाहा. ती फिकट दिसत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा.

• “अंगाने कसा भरलाय!” चेहरा सुजणे, पायावर सूज येणे किंवा थायरॉइड कमी पडणे यामुळेही माणूस ‘भरलेला’ दिसतो.

दिसण्यासाठी तब्येत पणाला लावू नका

लवकर शरीर कमावण्यासाठी काही मुले जिममध्ये कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. दंड फुगतात, पण हृदयाचा स्नायूही जाड होतो, रक्तदाब वाढतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते, शुक्रजंतू कमी होतात. शिरा उठून दिसाव्यात म्हणून पाणी तोडणे आणि लघवीच्या गोळ्या घेणे तर जिवावर बेतू शकते. शरीरातील पोटॅशियम बिघडले की हृदयाचे ठोके अचानक अनियमित होतात.

चेहऱ्याच्या क्रीमबाबतही सावध राहा. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा आढळला. वेष्टनावर घटक आणि उत्पादकाचा पत्ता नसलेले क्रीम लावू नका. स्टेरॉइड असलेली मलमेही डॉक्टरांना न विचारता चेहऱ्यावर लावू नका.

घरच्या घरी कसे तपासाल?

१. दोरीची चाचणी. उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा आणि श्वास सोडल्यावर बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर पोटाचा घेर जास्त आहे. टेपने मोजल्यास पुरुषांत ९० सेंमी आणि महिलांत ८० सेंमी ही मर्यादा धरा.

२. बोलण्याची चाचणी. भरभर चालताना बोलता आले पाहिजे. चार शब्दांतच धाप लागत असेल तर दम कमी आहे. स्टेशनचा पूल चढून गेल्यावर लगेच बोलून पाहा. पूर्वी सहज जमायचे आणि आता थांबावे लागते, हा बदल महत्त्वाचा.

३. खुर्चीची चाचणी. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येते ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा आणि महिलेला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद कमी आहे. तोल जात असेल तर जवळ कोणीतरी असू द्या.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

तिशीनंतर, बारीक असाल तरीही, या तपासण्या वर्षातून एकदा करून घ्या.

• रक्तदाब: वारंवार १४०/९० किंवा जास्त आल्यास उपचारांची गरज ठरवावी लागते.
• उपाशीपोटी साखर: १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वअवस्था, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात.
• हिमोग्लोबिन: महिलांत १२ पेक्षा (गरोदर असल्यास ११ पेक्षा) आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी असल्यास कारण शोधावे.
• कोलेस्टेरॉल: किती वेळा तपासायचे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आई-वडिलांना मधुमेह किंवा कमी वयात हृदयविकार असेल तर तपासण्या आधीपासूनच सुरू करा.

सुरुवात कशी करावी?

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढे प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना सुचवते. रोज २५ मिनिटे चाललात तरी हिशोब पूर्ण होतो. एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करत असाल तर एक फेरी रिक्षाऐवजी चालत करा. लोकलने जाणाऱ्यांनी सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्या घ्याव्यात. उठाबशा किंवा भिंतीला हात टेकून केलेले जोर यांसाठी जिमची गरज नाही. जेवणात भात-पोळीचे प्रमाण थोडे कमी करून डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

लगेच मदत केव्हा घ्यावी?

श्रम करताना छातीत दाब येणे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, थंड घाम, चक्कर येऊन पडणे किंवा अचानक धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका, १०८ वर फोन करा. “हा तर जिमला जातो, ॲसिडिटी असेल,” असे म्हणून वेळ घालवू नका. तरुण, बांधेसूद माणसालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

यापुढे घरात कोणाची तब्येत ‘सुधारली’ किंवा ‘उतरली’ असे वाटले, तर आधी दोरी, वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र काय सांगते ते पाहा.