न विचारता पुकारलेली लढाई

चांदवडच्या आमच्या बचत गटांत आम्ही सगळ्याजणींना विचारल्याशिवाय ठराव लिहीत नाही. आज ऐकू या, न विचारता घेतलेल्या एका मोठ्या निर्णयाची गोष्ट.

१ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ३ तारखेला इंग्लंडने युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. इथल्या निवडून आलेल्या पुढाऱ्यांना विचारलेसुद्धा नाही. म्हणून आपल्या मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात राजीनामा दिला.

तिकडे १७ सप्टेंबरला रशियाही पोलंडमध्ये शिरला. पुढे तिथल्या लाखो माणसांना घरातून उठवून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडले. त्यातली सुमारे पाच हजार, बहुतेक बाया आणि मुलं, १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवडे गावी छावणीत राहिली. त्यांना तरी कुणी विचारले होते?

मैत्रिणींनो, न विचारता ठरलेल्याचा भार शेवटी घरच्या बाईवर येतो. म्हणून येत्या ग्रामसभेला आपण सगळ्याजणी जाऊ या. ठराव मोठ्याने वाचायला लावू या. मगच सही, मगच अंगठा.