लोवेलचं साचेखातं

आमचे दादा मुंबईत परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. घरातही ते ओरडूनच बोलत. चाळीत त्याचं कोणाला काही वाटत नसे. निम्मी चाळ तशीच बोलायची.

लेक बॉस्टनजवळ राहते. तिने मला लोवेलला नेलं. बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात शिरताना कानात घालायला बोळे मिळाले, ते मी खिशात टाकले. आत ८८ साचे. सगळे एकदम चालवत नाहीत, पण थोडे चालले तरी जमीन थरथरते. हात लावला नाही, पण धोट्याची ये-जा मी ओळखीच्या माणसासारखी पाहत उभा राहिलो.

हे शहर वसलं ते पाण्याच्या जोरावर. मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३२ फूट उतरते. फ्रान्सिस कॅबट लोवेल नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने इंग्लंडच्या गिरण्या हिंडून पाहिल्या. यंत्रांचे आराखडे देशाबाहेर न्यायला बंदी होती, तर गड्याने यंत्रमाग डोक्यात साठवून आणला! तो १८१७ साली वारला. भागीदारांनी पुढे इथे कालवे काढून गिरण्या उभ्या केल्या आणि गावाला त्याचं नाव दिलं.

मला खरं थांबवलं ते खानावळीने. गिरणगावात कोकणातून, घाटावरून बाप्ये आले आणि बहुतेकांच्या बायका गावी राहिल्या. लोवेलला उलट. इथे आल्या न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या तरण्या पोरी. राहायला कंपनीची खानावळ, चालवणारी बहुधा एखादी विधवा, एका पलंगावर दोघी, रात्री दहाला दार बंद. भोंग्याऐवजी घंटा. आठवड्याला सुमारे ७३ तास काम. सूत तुटू नये म्हणून हवा दमट हवी, त्यासाठी खिडक्या बंद. मुंबईत तेवढं काम समुद्र फुकटात करायचा. या पोरी लिहीतही. त्यांचं 'लोवेल ऑफरिंग' हे मासिक १८४० साली निघालं. चार्ल्स डिकन्स १८४२ साली आला आणि खूश होऊन गेला. पाहुण्याला गिरणी छानच दिसते. त्याआधी १८३४ साली मजुरी कापली तेव्हा याच पोरी काम टाकून रस्त्यावर आल्या होत्या, आणि १८३६ साली खानावळीचे पैसे वाढवले तेव्हा पुन्हा.

कापूस मात्र यायचा दक्षिणेकडून, गुलामांनी वेचलेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, कापूस अडला, लोवेलच्या कितीतरी गिरण्यांनी दारं लावली. त्याच कापसाच्या टंचाईवर इकडे मुंबईचे शेठ गब्बर झाले, आणि १८६५ साली युद्ध संपताच त्यांतले बरेच बुडाले. लोवेलच्या कामगाराचं नि आपल्या शेठजींचं नशीब एकाच गासडीला बांधलेलं होतं, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

पोरींच्या जागी आयरिश आले, मग फ्रेंच कॅनडियन, ग्रीक. गेल्या शतकाच्या शेवटी कंबोडियाचे निर्वासित. गिरण्या तोवर बंद पडल्या होत्या. १९७८ साली सरकारने त्यांना राष्ट्रीय उद्यान केलं. आता कालव्यांतून नावा फिरतात, रुळांवरून जुन्या धाटणीची ट्राम धावते.

दुकानात तिथल्याच साच्यांवर विणलेले पंचे होते. दोन घेतले. गाडीत बसून लेकीला दादांच्या पाळीविषयी सांगू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, हळू बोल ना. मी शेजारीच बसलेय."