एचआयव्हीच्या गोळ्या मोफत, मग खर्च होतो कुठे?

उमरखेडमध्ये कुणाला एचआयव्हीचं निदान झालं, की घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आता पैसे किती लागणार? गोळ्यांपुरतं उत्तर सोपं आहे. सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात. १ एप्रिल २००४ रोजी देशात ही सोय सुरू झाली, तेव्हाच्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्याआधी हा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. मुंबईच्याच सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा भाव त्याआधी १० हजार डॉलरच्या घरात होता.

खिसा रिकामा होतो तो बहुतेक वेळा निदानाच्या आधी. ताप जात नाही, वजन उतरतं, जुलाब थांबत नाहीत. मग एका खासगी दवाखान्यातून दुसऱ्यात, सलाईन, एक्स-रे, पुन्हा तपासण्या. एचआयव्हीची चाचणी मात्र शेवटी होते. तोवर सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या असतील तर क्षयरोग, न्यूमोनिया किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग गाठतो आणि भरती व्हावंच लागतं. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान होताच औषध सुरू करण्याचं सरकारी धोरण आहे. वेळेत आणि नियमित गोळ्या घेणाऱ्याला असे संसर्ग क्वचितच गाठतात. पुढे दवाखान्याची पायरी चढावी लागते ती मधुमेह, बाळंतपण, अपघात अशा इतरांसारख्याच कारणांनी.

दुसरा खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा. तालुका यवतमाळ जिल्ह्यात असला तरी पैनगंगेपलीकडचं नांदेड जवळ पडतं. दोन्ही शहरांतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एआरटी केंद्र आहे, आणि रुग्णाला केंद्र बदलून घेता येतं. काहीजण मात्र ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबचं केंद्र धरतात. भाड्याचे पैसे तिथे जातात, पण त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. प्रकृती स्थिर असेल तर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, तसं डॉक्टरांना विचारा. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितही आहेत. अटी आगारात कळतील. गरजू रुग्णांना संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, तो तहसील कार्यालयात.

भरतीच्या वेळी दवाखान्याने टाळाटाळ केली तर? एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात बेकायदेशीर आहे. ‘आधी चाचणी करा, मगच उपचार’ अशी अटही घालता येत नाही. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तेव्हा तक्रार लेखी आणि त्यांच्याच नावे द्या.

माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नाव सांगावं लागत नाही.