अभय घ्या आणि बोला!

आपल्याकडचा 'माफीचा साक्षीदार' माफी नाकारू शकतो. तो राजी असेल तरच ती माफी लागू होते. अमेरिकेत मात्र सरकारने देऊ केलेलं अभय नको म्हणायची सोय नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या सक्तीच्या अभयाबद्दल.

तिथल्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की फौजदारी प्रकरणात कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. 1890 साली शिकागोचे धान्यव्यापारी चार्ल्स काउन्सेलमन यांना ग्रँड ज्युरीने विचारलं: रेल्वेने तुमचा माल जाहीर दरापेक्षा कमी भाड्यात नेला का? त्यांनी उत्तर नाकारलं. तेव्हाचा कायदा एवढंच म्हणत होता की तुमचे शब्द तुमच्याविरुद्ध वापरणार नाही. पण त्या शब्दांचा माग काढत दुसरा पुरावा गाठला तर? 1892 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अभय तोकडं ठरवलं. पुढच्या वर्षी नवा कायदा आला: ज्या व्यवहाराबद्दल बोलाल, त्याबद्दल खटलाच नाही. 1896 मध्ये, ब्राउन विरुद्ध वॉकर खटल्यात, तो पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. युक्तिवाद सरळ होता. मौनाचा हक्क शिक्षेच्या भीतीपोटी. भीती गेली की हक्कही संपला.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचे कान टवकारतात. माणूस फक्त शिक्षेच्या भीतीनेच गप्प बसतो का? 1956 च्या उलमन खटल्यात प्रश्न हेरगिरीचे होते, तसे कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वाचेही. खटल्यापासून अभय मिळालं. पण नोकरी, समाजातली पत यांचं काय? बहुमताने म्हटलं, घटना त्याची हमी देत नाही. न्यायमूर्ती डग्लस यांचं विरोधी मत असं की ही दुरुस्ती माणसाच्या सदसद्विवेकाचीही राखण करते. 1965 मध्ये शिकागोच्या टोळीचा म्होरक्या सॅम जियानकाना अभय मिळूनही बोलला नाही, आणि सुमारे वर्षभर तुरुंगात बसला.

पुढे 1970 च्या कायद्याने अभय आखडलं. साक्ष आणि तिच्यातून निघालेला पुरावा वापरायचा नाही, पण स्वतंत्र पुराव्यावर खटला भरता येईल. 1972 च्या कॅस्टिगार निकालाने ते मान्य केलं. पुरावा स्वतंत्र असल्याचं दाखवायची जबाबदारी मात्र सरकारवर टाकली.

गुन्हा उघडकीला यायचा तर कुणीतरी बोललंच पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. पण अभय देताना राज्य फक्त आपला हात आवरतं. मालकाचे, शेजाऱ्यांचे, टोळीचे हात मोकळेच राहतात. म्हणून सक्तीआधी विचारायला हवं: हा प्रश्न गुन्ह्याचा आहे, की माणसाच्या मतांचा?